मासा वाचला, मासेमारी गेली: बुही तळ्यातल्या सिनारापानचं प्रकरण

हे प्रकरण फिलिपिन्सचं आहे. लुझोन बेटाच्या दक्षिण टोकाकडे बिकोल म्हणून भाग आहे, तिथल्या कामारिनेस सुर प्रांतात बुही नावाचं तळं आणि काठावर त्याच नावाचं गाव. माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत, जाळंवाला, पिंजरेवाला, नगरपालिका, फिशरीजचा माणूस एवढ्यावरच भागवलंय, कारण इथे दोष एकाच्या माथी मारण्यासारखं काही नाहीये. प्रत्येकाने आपापल्या वहीप्रमाणे बरोबर हिशोब केला, त्या माशाची वही मात्र कुणाकडेच नव्हती.

पार्श्वभूमी

मासा म्हणजे सिनारापान, शास्त्रीय नाव मिस्टिक्थिस लुझोनेन्सिस. पूर्ण वाढलेला नर साधारण 10 ते 13 मिलीमीटर, मादी किंचित मोठी. अंग जवळजवळ काचेसारखं आरपार, त्यात दोन काळे ठिपके दिसतात ते डोळे. मूठभर हातात घेतला तर ओला जवळाच वाटेल, पण जवळा कोळंबीच्या गोतातला आणि हा पाठीचा कणा असलेला रीतसर मासा, गोबी कुळातला. आपल्या खाडीतली निवटी याच्याच लांबच्या भावकीतली, चिखलावर उड्या मारणारी. ह्यू स्मिथ या अमेरिकन मत्स्यशास्त्रज्ञाने 1902 मधे याचं वर्णन छापलं तेव्हा माहीत असलेल्या कणाधारी प्राण्यांत हा सगळ्यात लहान ठरला होता. पुढे तो मान इतरांकडे गेला (2006 मधे सुमात्राच्या दलदलीतला 8 मिमीपेक्षा छोटा मासा आला), पण पोटासाठी आणि बाजारासाठी धरला जाणारा जगातला सगळ्यात लहान मासा ही ओळख अजून याच्याच नावावर आहे.

बाजारासाठी, हे महत्त्वाचं. दुर्मिळ म्हणून काचेत ठेवलेला शोभेचा मासा नव्हता हा, गरिबाच्या ताटातलं रोजचं कालवण होतं. बारीक जाळ्याने गाळून काढायचा, निथळला की एक लगदा उरतो, तो नारळाच्या दुधात मिरची घालून शिजवायचा (बिकोलमधे नारळ आणि मिरचीशिवाय पान हलत नाही, कोकणी माणसाला लगेच आपलं वाटेल) किंवा पानावर थापून उन्हात वाळवायचा. साफ करायची भानगड नाही, काटा काढायची नाही, कॅल्शियमसकट सगळा पोटात.

तळं साधारण 16 ते 18 चौरस किलोमीटरचं, आसोग आणि मालिनाओ या दोन ज्वालामुखींच्या मधे. 1641 च्या सुमारास भूकंपात आसोगची एक बाजू कोसळून ओढे अडले आणि तळं तयार झालं असं मानतात. म्हणजे तळं चारशे वर्षांचंही नाही. पाणी बाहेर पडतं त्या बारित नदीवर खालच्या पट्ट्यातली भातशेती आणि एक छोटं जलविद्युत केंद्र अवलंबून. सिनारापान खातो ते पाण्यातले सूक्ष्म जीव, उघड्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

बिघडलं कुठे

एका कारणाने नाही बिघडलं. तीन गोष्टी थोड्या मागेपुढे येऊन एकमेकींवर चढल्या, आणि प्रत्येक गोष्ट आली तेव्हा ती सुधारणाच होती.

पहिली, इंजिन. पूर्वी तिकोनी चौकटीचं बारीक जाळं हाताने पुढे ढकलत न्यायचे, तिथे सकाग म्हणतात त्याला. माणूस दमला की थांबतो, उरलेलं सोडून देतो, उद्या येतो. मग तेच जाळं मोठं करून मोटरच्या होडीपुढे लावलं गेलं. आता जाळंवाल्याच्या जागी उभं राहून बघा. इंजिन उधारीवर, डिझेल रोजचं रोख, म्हणजे काल पुरायचं तेवढं धरून आज भागणारच नाही, जास्त धरावंच लागणार, आणि सगळेच जास्त धरायला लागले की भाव पडणार म्हणून आणखी जास्त. हावरटपणा वगैरे शब्द लोक पटकन वापरतात पण हा निव्वळ हप्त्याचा हिशोब आहे. शिवाय जाळं काठाच्या उथळ पाण्यातून जाताना पाणवनस्पती उपटून नेतं ते वेगळंच.

दुसरी, तिलापिया. आपल्याकडे उजनीवर जिला चिलापी म्हणतात तीच भावंडं. फिलिपिन्समधे मोझांबिक तिलापिया 1950 मधे थायलंडहून आला, आणि जास्त वाढणारा नाईल तिलापिया 1972 मधे. (भारतात पहिला प्रकार 1952 मधे आला, काही वर्षांतच पसरवू नका असं ठरलं, आणि आज भिगवणच्या बाजारात जाऊन बघा काय ढीग असतो, ठरवणं आणि होणं यात किती अंतर असतं ते तिथेच कळतं.) सरकारी दृष्टीने मासा सोन्यासारखा, काहीही खातो, कुठेही पैदा होतो, स्वस्त प्रथिनं. सिनारापानच्या दृष्टीने बघितलं तर तिलापियाची पिल्लं त्याच सूक्ष्म जीवांवर जगतात ज्यावर हा जगतो, आणि मोठे तिलापिया अंडी, पिल्लं काही सोडत नाहीत.

तिसरी, पिंजरे. 1970 च्या दशकाच्या शेवटी आणि 80 च्या सुरुवातीला बुहीत जाळीचे पिंजरे उभे राहिले, आत तिलापिया. बांबू, जाळी, बोटुकली, खाद्य, राखण, सगळ्याला भांडवल लागतं, म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचा पिंजरा, आणि ज्याच्याकडे फक्त हातजाळं त्याला फिरायला पाणी कमी. पिंजऱ्यातून सुटलेले मासे तळ्यात, उरलेलं खाद्य आणि विष्ठा तळाला. आणि याच्या जोडीला सिंचनासाठी पाण्याची पातळी वरखाली करणं, त्याने काठाचा उथळ पट्टा, जिथे बारीक माशांचा सगळा संसार असतो, तो कधी पाण्यात कधी कोरडा.

80 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बुहीत सिनारापानची मासेमारी नाव घेण्यासारखी उरली नव्हती.

जाळ्याच्या आसाचा पेच

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त रस इथे आहे, म्हणून जरा थांबतो.

जगात कुठेही मासे कमी झाले की पहिला उपाय ठरलेला: जाळ्याचा आस (म्हणजे भोकाचं माप) मोठा करा, पिल्लं निसटून जाऊद्या, मोठी झाली की धरा. फिलिपिन्सच्या 1998 च्या मत्स्य कायद्यातही हेच आहे, ताणलेल्या स्थितीत 3 सेंटिमीटरपेक्षा बारीक आस नको. आता 12 मिलीमीटरच्या माशाला हा नियम लावा. मासा आस ओलांडून जाईल, पिल्लूही आणि आजीही. म्हणजे नियम पाळला तर मासेमारी शून्य, आणि मासेमारी ठेवायची तर नियमच नको. म्हणून त्याच कायद्यात अपवाद घातलाय: जे मासे जातीनेच लहान पण वाढीने पूर्ण असतात त्यांना बंदी नाही, आणि त्यात चक्क नाव घेऊन लिहिलंय, ताबिओस, म्हणजे सिनारापानसारखे हे बारीक गोबी. त्याच यादीत आलामांग आहे, म्हणजे आपला जवळा. त्याआधीच्या, 1975 च्या कायद्यातही अशाच धर्तीची सूट होती.

सूट चुकीची नाही. तिच्याशिवाय काठावरचा गरीब माणूस रोज सकाळी गुन्हेगार ठरला असता. पण परिणाम असा की मत्स्य खात्याच्या हातातलं सगळ्यात सोपं हत्यार या एका माशापुरतं बोथट झालं, आणि त्या जागी दुसरं हत्यार कुणी बनवलं नाही. आस मोजता येत नसेल तर चौकट मोजा, इंजिन मोजा, दिवस मोजा, जागा मोजा. सूट देताना 'मग नियंत्रण कशाने करायचं' हा पुढचा प्रश्न विचारायला हवा होता तो राहून गेला.

आणि एक गंमत, खरं तर गंमत नाहीच. बारीक जाळ्यात तिलापियाची पिल्लंही येणारच. म्हणजे तिलापियावाल्याच्या नजरेने सिनारापान धरणारा हा तळ्याचं नुकसान करणारा माणूस ठरतो. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवणार आणि दोघंही थोडेथोडे बरोबर.

समोर काय पर्याय होते

मासा दिसेनासा झाल्यावर टेबलावर ढोबळमानाने चार रस्ते येतात. ते त्या क्रमाने कुणी मांडले असं नाही, मागे वळून बघताना असे दिसतात.

संपूर्ण तळ्यात सिनारापान धरायला बंदी. कागदावर छान. पण आधीच हातात फारसा येत नाही तो मासा बंद करून काय मिळणार, आणि तिलापिया तसाच राहणार असेल तर बंदीचा भार फक्त हातजाळंवाल्यावर. शिवाय पाहारा कोण देणार, रात्रीच्या अंधारात 17 चौरस किलोमीटर.

तिलापिया काढून टाकणं. एवढ्या मोठ्या तळ्यात एकदा रुळलेला तिलापिया काढता येत नाही, हे सरळ मान्य करायला हवं. कमी करता येतो, पिंजरे आवरता येतात. पण तोवर पिंजऱ्यांवर घरं चालू झाली होती, कर्जं होती. 1991 च्या स्थानिक स्वराज्य कायद्याने असल्या पाण्याचा कारभार आणि लायसन्सची फी नगरपालिकेकडे आली, आणि फी पिंजऱ्याची येते, सिनारापानची येत नाही. नगरपालिकेत बसलेल्या माणसाने कुठलं पाणी राखावं?

टाक्यांमधे पैदास. एवढ्या नाजूक माशाला हाताळणं, पिल्लांना योग्य मापाचं जिवंत खाद्य पुरवणं हे महागडं काम, आणि पैदास झाली तरी सोडायचं कुठे, त्याच तळ्यात?

चौथा, जिथे मासा अजून आहे किंवा राहू शकतो ते छोटं पाणी राखणं.

काय केलं

चौथा रस्ता निवडला गेला, आणि मला वाटतं त्या वेळी तोच शक्य होता. बुहीच्याच हद्दीत मानापाओ नावाचं एक चिमुकलं तळं आहे, मोठ्या तळ्यापासून वेगळं. तिथे सिनारापान टिकला. कातुगदाय नावाचं आणखी एक असंच छोटं तळं आहे. ही छोटी पाणी राखीव केली, मानापाओला अभयारण्य म्हणून ओळख मिळाली, मत्स्य खातं आणि स्थानिक प्रशासन दोघांनी लक्ष घातलं. बाजूच्या बातो तळ्यातही हा मासा आहे, पण तिथेही पिंजरे आणि पुराचा त्रास आहेच.

1998 च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, तळ्याच्या योग्य पाण्यापैकी जास्तीत जास्त 10 टक्के भागच पिंजरे वगैरेंना द्यायचा. बुहीच्या मापाने म्हणजे फार तर पावणेदोनशे हेक्टर. मच्छीमारांच्या सल्लागार समित्याही याच कायद्याने सक्तीच्या झाल्या. नियम चांगला आहे यात वादच नाही, फक्त पिंजरे आले त्यानंतर जवळजवळ दोन दशकांनी आला, आणि असलेले पिंजरे काढायला लावणं हे नसलेल्याला नाही म्हणण्यापेक्षा कैक पटीने अवघड असतं. आपल्याकडे धरणांवर पिंजरे मत्स्यपालन वाढतंय, ठेके देताना हा क्रम ध्यानात ठेवला तरी पुष्कळ.

गावाने माशाचा अभिमानही जागवला. बुहीच्या नगरपालिकेच्या इमारतीत टाकीत जिवंत सिनारापान ठेवलेले बघायला मिळतात, पाहुणे येतात, काचेला नाक लावून शोधतात, कारण पहिल्यांदा काही दिसतच नाही, मग हलणारे काळे ठिपके दिसतात आणि मग कळतं की प्रत्येक जोडी म्हणजे एक मासा. पर्यटनासाठी ठीकच आहे. पण टाकीत असणं म्हणजे तळ्यात असणं नव्हे, आणि बघून गेलेल्या माणसाला 'आहे की अजून' असं वाटून जातं हा त्याचा तोटा.

निकाल काय

मासा नामशेष झाला नाही. हे यश छोटं नाही, इंडोनेशियात सुलावेसीच्या पोसो तळ्यातला एक गोबी वर्षानुवर्षं दिसला नव्हता, जपानच्या बिवा तळ्यातला इसाझा नावाचा गोबी 2007 च्या डिसेंबरमधे तळाशी मरून पडलेला कॅमेऱ्यात दिसला होता. त्या मानाने सिनारापान सुटला.

पण बुहीची सिनारापानची मासेमारी जी होती ती परत आली नाही. तळ्याची ओळख आता तिलापियाची. आणि तिलापियालाही हे तळं नेहमी धार्जिणं नाही. ज्वालामुखीच्या परिसरातलं पाणी, तळाच्या गाळात गंधक, त्यावर वर्षानुवर्षं साचलेलं खाद्य. जोराचा वारा सुटला किंवा वरचं पाणी थंड झालं की खालचं प्राणवायू नसलेलं पाणी उसळून वर येतं आणि पिंजऱ्यातला मासा, ज्याला पळायला जागाच नाही, तो उलटा तरंगायला लागतो. वादळांचा पट्टा आहे, त्यामुळे ही भीती कायमची. एका रात्रीत हंगामाचं भांडवल जातं. ज्या पिंजऱ्यांनी गरिबाचं पाणी घेतलं ते पिंजरेवाल्यालाही सुखाने झोपू देत नाहीत.

कोणाला काय मिळालं असा हिशोब मांडला तर: शास्त्रज्ञांना जात टिकल्याचं समाधान, गावाला ओळख, नगरपालिकेला फी, पिंजरेवाल्याला जोखमीचं पण उत्पन्न. हातजाळंवाल्याच्या रकान्यात मला काही भरता येत नाही. त्याच्या घरचं फुकटचं कालवण गेलं, आणि कुठल्याच अहवालात ते नुकसान म्हणून लिहिलं जात नाही कारण ते कधी बाजारात मोजलंच गेलं नव्हतं.

वेगळं काय करता आलं असतं

इंजिनाच्या वेळी थांबवता आलं असतं, आणि माझ्या मते खरी वेळ तीच होती. जाळ्याचा आस हात लावण्यासारखा नव्हता, पण मोटर आणि चौकटीची रुंदी होती. 'सिनारापान फक्त हाताने ढकललेल्या जाळ्याने' एवढा एक नियम, जो काठावर उभ्या असलेल्या कुणालाही डोळ्यांनी तपासता येतो, अधिकारी नको, मोजपट्टी नको, होडीचा आवाज आला की कळलं. शिवाय हा नियम गरिबाच्या बाजूने जातो, म्हणजे पाहारा फुकट मिळतो. बंदीपेक्षा असे नियम पाळले जाण्याची शक्यता जास्त असते. उलट बाजूही सांगतो: तेव्हा मोटरला नाही म्हणणं म्हणजे प्रगतीला नाही म्हणणं होतं, आणि कुठलाही निवडून आलेला माणूस ते सहज म्हणणार नाही.

दुसरं, पिंजऱ्यांच्या आधी मोजणी. पिंजरे येण्याआधी तळ्यात सिनारापान किती, कुठल्या महिन्यात, काठाच्या कुठल्या भागात, याची साधी नोंद असती तर पुढे 'तिलापियाने खाल्ला' की 'जाळ्याने संपवला' की 'पाणी उतरवल्याने गेला' हा वाद एवढा मोघम राहिला नसता. बेसलाइन नसली की प्रत्येकजण आपल्याला सोयीचं कारण धरतो. आणि ही नोंद करायला प्रयोगशाळा लागत नाही, बारीक कापडाचं जाळं, ठरलेली जागा, ठरलेली वेळ, तराजू, आणि वही सांभाळणारा एक चिकट माणूस.

तिसरं जरा वादग्रस्त आहे. राखीव जागा पिंजऱ्यांच्या नंतर उरलेल्या पाण्यात शोधली जाते, खरं तर आधी माशाचा काठ आखून घ्यायचा आणि मग उरलेल्यात पिंजरे. जमिनीवर गायरान आधी आणि प्लॉट नंतर असं असायचं (असायचं म्हणतोय, आता आपल्याकडेही उलटंच झालंय). यावर पिंजरेवाले म्हणतील की काठाजवळच वारा कमी असतो, पिंजरा तिथेच टिकतो, मधे नेला तर पहिल्या वादळात गेला. मुद्दा खरा आहे. म्हणूनच काठ वाटून घ्यायला हवा होता, सगळा काठ एकालाच नको.

आणि आत्ताची जोखीम. मानापाओसारखं छोटं तळं म्हणजे सगळा ऐवज एका पेटीत. लहान माशाची पिढी लवकर बदलते, त्यामुळे चांगलं पाणी मिळालं तर संख्या लवकर सावरते, पण एकच वाईट हंगाम, एकच दरड, शेतातलं एकच फवारलेलं औषध वाहून आलं तर सावरायला वेळही मिळत नाही. सगळ्यात सोपा धोका म्हणजे कुणीतरी चांगल्या मनाने बादलीभर तिलापिया तिथे सोडणं, 'एवढं पाणी रिकामं पडलंय' म्हणून. अशा बादलीला कायद्याने फारसं रोखता येत नाही, तळ्याकाठी राहणाऱ्या घरांना ती बादली ओळखू यायला हवी, आणि ओळखल्यावर त्याच दिवशी कुणाला फोन करायचा हे ठरलेलं हवं. त्यापुढचं कामही आधीच ठरवून ठेवायचं असतं: तिलापिया शिरल्याचं कळलं की मोठ्या आसाची जाळी कुणाकडची आणायची, किती दिवस लावायची, आणि तोवर थोडे सिनारापान उचलून कातुगदायला न्यायचे असतील तर ते न्यायचा अधिकार कुणाचा. मोठ्या आसाचं जाळं इथे पहिल्यांदाच या माशाच्या कामाचं आहे, तिलापिया अडकेल आणि सिनारापान निघून जाईल. तिलापियाची पिल्लंही त्यातून निसटतील, म्हणून जाळी एकदा लावून काढायची नाहीत, पिल्लं मोठी होतील तशी पुन्हा लावायची, आणि तो खर्च पहिल्याच वर्षाच्या बजेटमधे धरायचा.